बाळाने मान कधी धरली?

चार महिने आणि सत्तेचाळीस महिने. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे त्याविषयी आज लिहावयाचे आहे. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा रविवारच्या मराठी शाळेबाहेर मुलांची वाट पाहत उभ्या असलेल्या आया हलक्या आवाजात ज्या गोष्टी एकमेकींना सांगतात, त्यांत हा विषय अलीकडे वारंवार येतो. तो मोठ्याने बोलला जावा असे आम्हांस वाटते.

दुसरा आकडा आधी घेऊ. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सी.डी.सी.ने, एप्रिल २०२५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. २०२२ साली आठ वर्षांच्या असलेल्या मुलांची देशातील १६ ठिकाणी पाहणी झाली होती. तीत दर ३१ मुलांमागे एकास ऑटिझम, म्हणजे ज्यास आता मराठीत स्वमग्नता म्हणतात ती, असल्याचे आढळले. २००० सालच्या पाहणीत हे प्रमाण १५० मागे एक होते. गोऱ्या मुलांत ते आता हजारी २८ च्या आसपास आहे, तर आशियाई मुलांत हजारी ३८ च्या. पूर्वी याच्या उलट दिसे, कारण तपासणी गोऱ्यांच्याच मुलांची अधिक होई. तेव्हा ‘हे इथल्या लोकांचे दुखणे, आपल्यात नसते’ असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. याच अहवालात आणखी एक आकडा आहे, ज्याची फारशी चर्चा झाली नाही. निदान झालेल्या मुलांचे निदानसमयीचे मध्यम वय ४७ महिने होते. म्हणजे त्यांतील निम्मी मुले चार वर्षांची होत आली तरी त्यांच्या अडचणीला नाव मिळालेले नव्हते.

वृत्तपत्रांनी उचलला तो ३१ चा आकडा. आरोग्यमंत्री केनेडी यांनी त्याच महिन्यात जाहीर केले की सप्टेंबरपर्यंत कारण शोधून काढू. सप्टेंबर उजाडला आणि अध्यक्ष ट्रम्प यांनी गर्भवती स्त्रियांना टायलेनॉल घेऊ नका असे सांगितले. टायलेनॉल म्हणजे आपल्याकडील क्रोसिनचेच भावंड, पॅरासिटामॉल. स्वीडनमध्ये २४ लाखांहून अधिक मुलांचा जो अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला त्यात एकाच आईच्या मुलांची आपसांत तुलना केल्यावर या औषधाचा आणि स्वमग्नतेचा संबंध उरला नव्हता. पण तो तपशील त्या गदारोळात कोणाच्या कानी पडणार? कारणांवरून असा गोंगाट चालू असताना ते ४७ महिने जिथल्या तिथेच राहतात. आमच्या मते खरी तक्रार तीच असावयास हवी.

आता पहिला आकडा. तो फ्लॉरिडातून आला, आणि त्यालाही आता पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. फ्लॉरिडा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ फिलिप टायटलबाउम यांचे बरेचसे आयुष्य उंदरांवरील प्रयोगांत गेले होते. मेंदूच्या एका विशिष्ट भागास इजा झालेला उंदीर खाणेपिणे आणि हालचाल पुन्हा कोणत्या क्रमाने शिकतो, हे ते पाहत. तो क्रम पिलाच्या वाढीच्या क्रमासारखाच असतो, असे त्यांना आढळले होते. त्यामुळे हालचालीकडे पाहण्याची त्यांची नजर तयार होती. त्यांनी, पत्नी ओस्नात आणि इतर सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांच्या पालकांकडून घरगुती व्हिडिओ मागवले. मूल तान्हे असताना हौसेने काढलेले, पुढे काय होणार याची कोणालाच कल्पना नसतानाचे ते चित्रण होते. अशी १७ मुले आणि तुलनेसाठी १५ इतर मुले.

नुसते डोळ्यांनी पाहून भागणारे नव्हते. इस्रायलमधील नोआ एश्कोल आणि अब्राहम वाखमन यांनी १९५८ साली नृत्याच्या हालचाली कागदावर उतरवण्यासाठी एक लिपी तयार केली होती. गवयाचे स्वर जसे स्वरलिपीत उतरतात तशा तीत हातापायांच्या हालचाली उतरतात. ती लिपी टायटलबाउम यांनी पाळण्यातल्या बाळांना लावली. नाचासाठी जन्मलेली विद्या अशा कामी यावी, हा एक योगायोगच.

त्यांना काय दिसले? साधारण सहा महिन्यांचे मूल उताण्याचे पालथे होते ते कसे, हे आपण आठवून पाहावे. आधी कंबर वळते, मग धड, मग खांदे आणि डोके. ओल्या कपड्याला पीळ द्यावा तसे अंग एकामागून एक फिरत जाते. या १७ पैकी काही मुले असा पीळ न घेता वळत. कुशीवर पडायचे, डोके आणि कंबर एकदमच वर उचलायची, वरचा पाय पुढे टाकायचा आणि ओंडका कलंडावा तसे सगळे अंग एकाच वेळी पालथे. काही मुलांना बसवले की ती तोल जाऊन पडत, आणि पडताना हात पुढे टेकून स्वतःस सावरण्याचा प्रयत्नही करीत नसत. रांगताना एखाद्याचा एक हात छातीखालीच अडकून राही. कोणाची एक बाजू दुसरीपेक्षा मागे पडे. चालू लागल्यावरही पावलांत तसाच विजोडपणा. वरचा ओठ तंबूसारखा उंचावलेला आणि खालचा सपाट, असा तोंडाचा एक आकारही त्यांनी टिपला. यांतील काही खुणा चौथ्या ते सहाव्या महिन्यातच दिसतात असे त्यांनी १९९८ साली लिहिले आणि ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत छापून आले. म्हणजे बोलणे नाही, बोट दाखवणे नाही, नावाला ओ देणेही नाही, त्याच्या कितीतरी आधी अंगच काही सांगत असते, असा त्याचा अर्थ.

हे इतके महत्त्वाचे का वाटले ते कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. बाल्टिमोरमधील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेला वैद्यकशास्त्रात जागा दिली. त्यांनी एक गोष्ट तेव्हाच नोंदवली होती. उचलून घ्यायला गेले की ही मुले त्यासाठी अंगाची तयारी करीत नाहीत. आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे: झेपावणे. आईने हात पुढे केले की बाळ झेपावते. ही मुले झेपावत नव्हती. परंतु पुढील काळात या निरीक्षणाचा धागा सुटला आणि दोष आईच्या माथी आला. आई थंड, आईची माया कमी, म्हणून मूल आत मिटले, असे सांगण्यात येऊ लागले. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने तर हा समज घरोघर नेला. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ सालीच पुस्तक लिहून तो खोडला होता. तरी कित्येक आयांनी तो डाग वर्षानुवर्षे अंगावर वागवला. मूल कुशीवर वळताना त्याच्या कमरेला पीळ पडत नाही याचा दोष कोणत्या आईच्या मायेला लावणार? टायटलबाउम यांच्या निबंधाचे इतर काहीही होवो, त्याने केलेले हे काम आम्ही मोठे मानतो.

परंतु त्याच निबंधाने एक नवी भीतीही जन्मास घातली. हल्ली फोनवर कोणीतरी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पाठवतो, ‘बाळाला असे तिरके करून पाहा, डोके सरळ राहिले नाही तर समजा’. त्याचे मूळ इथे आहे. तिरके धरण्याची ही चाचणी टायटलबाउम यांनीच सुचवली होती. त्यांनी २००८ साली पालकांसाठी एक पुस्तकही काढले. त्याचे नावच ‘तुमच्या बाळाला ऑटिझम आहे का?’ अशा अर्थाचे. पुराव्यापेक्षा ते नाव पुढे धावत होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण १७ ही संख्या लहान आहे, आणि तुलना केली ती फक्त व्यवस्थित वाढणाऱ्या मुलांशी. ज्यांची वाढ इतर कारणाने मंदावली आहे अशी मुले त्यात नव्हती. ही उणीव कॅलिफोर्नियातील सॅली ओझोनॉफ आणि सहकाऱ्यांनी २००८ साली भरून काढली. स्वमग्न, इतर कारणाने मागे राहिलेली आणि सर्वसाधारण, अशा तिन्ही प्रकारच्या मुलांचे घरगुती व्हिडिओ त्यांनी तपासले. विचित्र हालचालींच्या प्रमाणात स्वमग्न मुले आणि सर्वसाधारण मुले यांच्यात फरक निघाला नाही. हालचालींना झालेला उशीर मात्र दिसला, पण तो स्वमग्न मुलांप्रमाणेच इतर कारणांनी मागे राहिलेल्या मुलांतही होता. म्हणजे ‘ओंडक्यासारखे वळणे’ ही स्वमग्नतेची मोहोर ठरली नाही.

मग २०१२ साली मानेचा अभ्यास आला. बाळाला उताणे निजवून दोन्ही हात धरून हलकेच बसते करायचे. चौथ्या महिन्याच्या सुमारास डोके अंगाबरोबर वर यावयास हवे, मागे लोंबकळू नये. कोणताही बालरोगतज्ज्ञ हे करून पाहतोच. बाल्टिमोरच्या केनेडी क्रीगर संस्थेतील जोआना फ्लॅनगन, रिबेका लँडा आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या डॉ. अंजना भट वगैरे मंडळींनी ज्यांच्या थोरल्या भावाला वा बहिणीला स्वमग्नता आहे अशी ४० बाळे सुमारे सहा महिन्यांची असताना तपासली आणि तीन वर्षांपर्यंत त्यांचा माग ठेवला. अशा धाकट्या भावंडांत दर पाचांतील सुमारे एकास पुढे तीच अवस्था निघते, म्हणून त्यांची निवड. पुढे जी स्वमग्न ठरली त्यांतील ९० टक्क्यांचे डोके सहाव्या महिन्यात मागे पडत होते.

नव्वद टक्के! बातम्यांचे मथळे तिथेच थांबले. परंतु याच अभ्यासात असेही होते की ज्यांना तिसऱ्या वर्षी काहीच अडचण नव्हती, त्यांच्यापैकीही ३५ टक्क्यांचे डोके तसेच मागे पडत होते. आणि ज्यांच्या घरात स्वमग्नता नाही अशी २१ बाळे पाहिली तेव्हा त्यांतही ३३ टक्के निघाली.

इथे वाचकांनी पाटी-पेन्सिल घ्यावी. समजा, हजार बाळे आहेत. ३१ मागे एक या दराने त्यांत ३२ स्वमग्न. त्यांतील ९० टक्के, म्हणजे २९ जणांची मान मागे पडेल. उरलेल्या ९६८ पैकी एक तृतीयांश धरले तर ३२३ जणांची मानही मागे पडेल. एकूण झाली ३५२, त्यांत स्वमग्न २९. म्हणजे बारांत एक. मान मागे पडणाऱ्या बारा बाळांपैकी अकरांना स्वमग्नता नाही. इतक्या लहान अभ्यासावरून केलेला हा कागदावरचा हिशेब आहे, त्यास ब्रह्मवाक्य समजू नये. पण फोनवरची चित्रफीत पाहून रात्रभर जागणाऱ्या आईला हा हिशेब कोणीतरी मांडून दाखवला पाहिजे.

शिवाय उशिराची कारणे अनेक. १९९४ पासून अमेरिकेत बाळांना उताणे निजवण्याची मोहीम चालली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या तिने पुष्कळ घटवली. तिचा एक बारीक परिणाम असा की उताणी निजणारी बाळे थोडी उशिरा पालथी पडतात. म्हणून जागेपणी, नजरेसमोर, त्यांना पोटावर ठेवा असे सांगतात. सी.डी.सी.ने २०२२ साली वाढीच्या टप्प्यांची यादी सुधारली तेव्हा रांगणे त्यातून वगळलेच, कारण काही धट्टीकट्टी मुले न रांगताच उभी राहतात.

तर मग हालचालींकडे पाहूच नये काय? तसे मुळीच नाही. ऑस्ट्रियातील हाइन्झ प्रेख्टल यांनी तान्ह्या बाळांच्या आपसूक हालचाली वाचण्याची जी पद्धत बसवली, तिच्या आधारे तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात सेरेब्रल पाल्सीचा अंदाज आज मोठ्या विश्वासाने बांधला जातो. म्हणजे अंगाची भाषा वाचता येते. फक्त ती स्वमग्नता हा शब्द अजून स्पष्ट उच्चारत नाही. ती एवढेच म्हणते, की इकडे लक्ष द्या. डॉ. भट यांनी २०२० साली ११ हजारांहून अधिक स्वमग्न मुलांच्या पालकांची उत्तरे तपासली. सुमारे ८७ टक्के मुलांना हालचालींत अडचण असण्याचा संभव दिसला, आणि फिजिओथेरपी मिळत होती ती जेमतेम तिसऱ्या हिश्शाला. निदानाच्या अधिकृत कसोट्यांत हालचालींतील हा अवघडपणा नाही, म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही, आणि पाहत नाही म्हणून उपचारही नाही.

स्वमग्नतेच्या अधिक पक्क्या खुणा वर्षाच्या आसपास दिसतात, आणि त्या माणसांकडे पाहण्याच्या असतात. ऑस्टरलिंग आणि डॉसन या दोघींनी १९९४ साली पहिल्या वाढदिवसाचे व्हिडिओ तपासले होते. केक, फुगे, पाहुणे. आणि त्या गर्दीत मूल इतरांच्या चेहऱ्याकडे किती पाहते, हाच दोन गटांतील सर्वांत मोठा फरक ठरला. नवव्या महिन्यापर्यंत नावाने हाक मारल्यावर वळणे, वर्षापर्यंत टाटा करणे, सव्वा वर्षापर्यंत हवे ते बोटाने दाखवणे, यांवर लक्ष ठेवावे. चांदोमामा कुठे आहे म्हटल्यावर बोट वर जाते का, आणि आपणही पाहिला ना म्हणून ते आपल्या तोंडाकडे पाहते का?

आता आपल्या घरांतली गोष्ट. बाळंतपणासाठी आई किंवा सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर इथे येतात. रोज बाळाच्या अंगाला तेल लावतात, पाय लांब करून पायांवर न्हाऊ घालतात. त्या बाळाची मान, पाठ, मांड्या यांची ओळख जितकी त्यांच्या हातांना होते तितकी तीन महिन्यांतून एकदा पंधरा मिनिटे पाहणाऱ्या डॉक्टरला कशी व्हावी? आमच्या ओळखीच्या एका घरी आजी सातव्या महिन्यात म्हणाल्या होत्या, “अगं, हा माझ्याकडे झेपावत नाही. आणि न्हाऊ घालताना अगदी सैल पडतो.” सुनेने डॉक्टरांच्या कानावर घातले, थांबून पाहू, असे उत्तर आले. मुलगा म्हणाला, “आई, तूच सांगतेस ना, मी दीड वर्षाचा होईपर्यंत चाललो नाही म्हणून?” आजी गप्प झाल्या आणि मुदत संपल्यावर परत गेल्या. त्या मुलाचे निदान पंचेचाळिसाव्या महिन्यात झाले.

त्या घरात चूक कोणाची, हे शोधण्यात अर्थ नाही. आजींना जे जाणवले त्यावरून कोणीही स्वमग्नतेचे निदान केले नसते आणि करूही नये. परंतु निदान झाल्याशिवाय मदत मागता येत नाही, ही जी समजूत त्या घरात होती आणि आपल्या बहुतेकांच्या घरांत आहे, तिने तीन वर्षे खाल्ली. वास्तविक या देशाच्या १९८६ सालच्या कायद्याने तीन वर्षांखालील मुलांसाठी जी सोय केली, तिला निदानाच्या नावाची गरज नाही. तिला ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ म्हणतात; कॅलिफोर्नियात ‘अर्ली स्टार्ट’. मूल हालचालीत, बोलण्यात वा समजण्यात मागे आहे अशी शंका पुरेशी. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. आईबापांनी स्वतः फोन करावा. तपासणीला पैसे पडत नाहीत. फोन केल्यापासून ४५ दिवसांत तपासणी आणि पुढील आराखड्याची बैठक व्हावी असा नियम आहे. किती मागे असले म्हणजे मूल पात्र ठरते हे राज्याराज्यांत वेगळे आहे, काही राज्यांत पुढील सेवेला ऐपतीप्रमाणे शुल्कही आहे. पण तपासणी मागण्याचा हक्क सर्वत्र आहे. सातव्या महिन्यात सैल पडणाऱ्या त्या मुलाला फिजिओथेरपी तेव्हाच मिळू शकली असती, स्वमग्नता हा शब्द कोणी उच्चारण्याच्या कितीतरी आधी.

इतक्या लवकर मदत दिल्याने फरक पडतो का, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातून थोडेसे आले आहे. वर्षाच्या सुमारास काही खुणा दिसणाऱ्या बाळांपैकी निम्म्यांच्या आईबापांना त्यांचाच बाळाबरोबरचा व्हिडिओ दाखवून, बाळ कधी काय सांगू पाहते ते ओळखावयास शिकवले. २०२१ साली निकाल आला: तिसऱ्या वर्षी या गटातील ४५ पैकी ३ मुले निदानास पात्र ठरली, दुसऱ्या गटातील ४४ पैकी ९. संख्या पुन्हा लहानच आहे, तेव्हा ढोल बडवू नये. पण तिथे निदानाची वाट न पाहता काम सुरू झाले होते, हे विसरू नये.

काही गोष्टींत मात्र आठवडाही घालवू नये. चार महिन्यांनंतरही मान धरली नाही, नऊ महिन्यांचे होऊन आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचे होऊन चालत नाही, वर्षाच्या आतच एकच हात वापरते आणि दुसरा दुमडून ठेवते, किंवा येत असलेली एखादी गोष्ट, शब्द असो की टाटा, नाहीशी झाली, तर डॉक्टरांची वेळ मागावी आणि त्याच दिवशी अर्ली इंटरव्हेन्शनलाही फोन करावा. जे खटकते त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवावा. दवाखान्यात मूल नेमके वेगळे वागते. आजींना काय वाटले ते त्यांच्याच शब्दांत तारखेसह लिहून घ्यावे, आणि डॉक्टर ‘थांबू या’ म्हणाले तर किती आठवडे आणि त्यानंतर काय, हे तिथेच विचारून तेही त्याच कागदावर लिहावे.